‘जेंतीले’ राजा आणि ‘फिरंगी’ पाहुणा

वाशिष्ठी नदी चिपळूण सोडून पश्चिमेकडे निघते आणि दाभोळ व अंजनवेल यांच्यामधून सागराला मिळते. भरतीचे पाणी खाडीतून जेथवर चढते, तेथे आमचे हे गाव वसले आहे. एके काळी गलबतांनी आणलेला माल गोवळकोटच्या बंदरात उतरे आणि बैलांच्या पाठीवरून कुंभार्ली घाटाने देशावर जाई. देशावरचा माल त्याच वाटेने खाली येऊन दाभोळमार्गे समुद्रापार निघे. मालाबरोबर माणसे येत आणि माणसांबरोबर शब्द येत. माल खपला, माणसे निघून गेली, गलबतेही थांबली. शब्द मात्र राहिले. त्यांतील काही शब्दांचा मागोवा घेण्याचा प्रस्तुत लेखात विचार आहे.

निमित्त असे घडले. आमच्या धर्मग्रामातील एक महाविद्यालयीन विद्यार्थी दाभोळच्या इतिहासावर प्रकल्प लिहीत होता. एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर तो काही छायाप्रती घेऊन आमच्याकडे आला. पाचशे वर्षांपूर्वी दाभोळविषयी लिहिणाऱ्या एका इटालियन प्रवाशाच्या ग्रंथाचे ते इंग्रजी भाषांतर होते. त्यात दाभोळच्या राजाला ‘पेगन’ म्हटले होते आणि त्या शब्दाखाली विद्यार्थ्याने पेन्सिलीने दोनदा रेघ ओढली होती. ‘‘फादर, पेगन म्हणजे अडाणी मूर्तिपूजक, असेच ना? मग या माणसाने आपल्या पूर्वजांना शिवीच दिली म्हणायची. आणि शिवी देणारा आपल्याच धर्माचा!’’ त्याच्या बोलण्यात थोडा विनोद होता, पण दुखावलेपण अधिक होते. आम्ही त्या दिवशी त्याला चहा दिला, उत्तर दिले नाही. कारण आमच्याजवळ उत्तर नव्हते. सेमिनरीत लॅटिनचे जे थोडे धडे गिरवले होते त्यांच्या आधाराने आणि एका इटालियन शब्दकोशाच्या मदतीने पुढे जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बोलोन्याचा प्रवासी

या प्रवाशाचे नाव लुदोविको दि वार्थेमा. तो इटलीतील बोलोन्या नगरीचा. १५०३ साली तो दमास्कसला होता. तेथे ‘युनूस’ असे नाव घेऊन तो मामलूक शिपायांच्या पथकात शिरला आणि यात्रेकरूंच्या काफिल्याबरोबर मक्केपर्यंत जाऊन आला. आपली ओळख झाकून हिंडणाऱ्याला इंग्रजीत आजही ‘इनकॉग्निटो’ म्हणतात. तो शब्द इटालियनच आहे. त्याचा साधा अर्थ ‘न ओळखलेला’. वार्थेमाला हे विशेषण पुरेपूर लागू पडते. पुढे तो गुजरातमधील खंबायतला उतरला आणि किनाऱ्याकिनाऱ्याने चौल, दाभोळ, गोवे असा दक्षिणेकडे गेला. त्याचा प्रवासग्रंथ १५१० साली रोममध्ये छापून प्रसिद्ध झाला आणि थोड्याच काळात युरोपातील अनेक भाषांत गेला. त्याने सांगितलेला सर्वच प्रवास त्याने प्रत्यक्ष केला असेल का, याविषयी अभ्यासकांनी शंका घेतली आहे. परंतु कोकणच्या बंदरांविषयी एवढ्या लवकर छापले गेलेले युरोपियन लेखन फारसे नाही, हेही खरे.

दाभोळविषयी त्याने थोडक्यातच लिहिले आहे. मोठ्या नदीच्या काठी वसलेले, तटबंदीचे, उत्तम शहर. तेथे व्यापारी पुष्कळ. राजा हजारो सैनिक बाळगणारा आणि न्यायाच्या बाबतीत अत्यंत काटेकोर. चौलप्रमाणेच येथील लोकांची राहणी व वेष. एवढ्यावर त्याचे वर्णन संपते.

आपल्या हाती हा मजकूर येतो तो इंग्रजीतून. जॉन विंटर जोन्स यांनी १५१० च्या मूळ इटालियन आवृत्तीवरून केलेले भाषांतर लंडनच्या हॅक्लूट सोसायटीने १८६३ साली प्रसिद्ध केले. त्याचे संपादक जॉर्ज पर्सी बॅजर हे मुंबई इलाख्यात सरकारी चॅप्लेन म्हणून सेवा केलेले अँग्लिकन पाळक होते. दुसऱ्याच वर्षी, १८६४ मध्ये, चिपळुणात वाचनालय स्थापन झाले. तेच आजचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर. २२ जुलै २०२१ च्या महापुरात तेथील ग्रंथसंपदेची जी हानी झाली ती आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिली. भिजलेले पुस्तक दिसते, ते उन्हात ठेवता येते. भाषांतरात हरवलेला शब्द मात्र दिसत नाही; तो हरवला आहे हेच मुळी कळत नाही. इटालियन लोकांत एक म्हण आहे: ‘त्रादुत्तोरे, त्रादितोरे’. भाषांतर करणारा तो दगा देणारा, असा तिचा आशय. गंमत अशी की ही म्हण मराठीत सांगताच तिच्यातील दोन शब्दांचा यमक नाहीसा होतो, आणि म्हणीचे म्हणणे तेथेच सिद्ध होते.

कानाने वाचण्याचे शब्द

पहिली अडचण उच्चाराची. वार्थेमाच्या ग्रंथात चौलचे नाव ज्या अक्षरांनी लिहिले आहे ते इंग्रजी वळणाने वाचले तर ‘सेव्हुल’ असे होते, आणि हे कोणते गाव असा प्रश्न पडतो. परंतु इटालियन भाषेत ‘सी’ या अक्षरापुढे ‘ए’ किंवा ‘इ’ हा स्वर आला की त्याचा उच्चार ‘च’ असा होतो. म्हणून ‘मेदिची’, ‘विंची’. म्हणूनच शांतीला ‘पाचे’. ज्यांनी लॅटिन मिस्सा ऐकली आहे त्यांना ‘पाचेम्’ हा शब्द आठवत असेल. ख्रिस्तसभेतील लॅटिनचे उच्चार इटालियन वळणाचे आहेत, ते यामुळेच. उलट त्याच ‘सी’नंतर ‘एच’ आला की उच्चार ‘क’ होतो. म्हणून चर्चला ‘किएझा’. हा एवढा नियम लक्षात ठेवून ते गावाचे नाव पुन्हा वाचावे. ‘चेवुल’! आपल्या जुन्या मराठी कागदपत्रांतील ‘चेऊल’ ते हेच. इंग्रजी डोळ्यांना जे परके दिसले, ते मराठी कानाला ओळखीचे निघाले.

दाभोळचे त्याने ‘दाबुली’ केले आहे. ‘भ’ आणि ‘ळ’ हे उच्चार त्याच्या भाषेत नाहीत, आणि इटालियन जिभेला शब्दाच्या शेवटी स्वर असावा लागतो. ‘देकान’ हे नाव वाचून आपण दख्खनचा सारा प्रदेश समजतो. पण वार्थेमाच्या लेखनात ते एका शहराचे नाव आहे आणि अभ्यासक ते विजापूर समजतात. प्रवाशाचे शब्द भाषांतरातून वाचताना प्रथम ते मोठ्याने उच्चारून पाहावेत, आणि मग त्याने तो शब्द कोणत्या अर्थाने वापरला हे पाहावे, एवढा धडा येथे मिळतो.

‘जेंतीले’, ‘पेगन’ आणि ‘मूर’

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. जोन्स यांनी जेथे ‘पेगन’ लिहिले तेथे मूळ इटालियन शब्द आहे ‘जेंतीले’. याचे मूळ लॅटिनमधील ‘जेन्स’, म्हणजे कूळ, वंश, जनसमूह. रोमन माणूस आपल्या कुळातल्या माणसाला ‘जेंतीलिस’ म्हणे. पुढे पवित्र शास्त्राचे लॅटिन भाषांतर झाले तेव्हा इस्राएलबाहेरच्या राष्ट्रांसाठी याच घराण्यातला शब्द वापरला गेला. संत पौलाला आपण ‘परराष्ट्रीयांचा प्रेषित’ म्हणतो; त्या ‘परराष्ट्रीय’ शब्दामागे हाच शब्द आहे. आणि हेही विसरू नये की त्या अर्थाने रोमकर, इटलीकर, आपण सारेच परराष्ट्रीय. पुढे ख्रिस्ती, यहुदी वा मुसलमान नसलेल्या प्रत्येकाला युरोपियन प्रवासी ‘जेंतीले’ म्हणू लागले. पोर्तुगिजांनी त्याचे ‘जेंतिउ’ केले आणि इंग्रजांनी त्यावरून ‘जेंटू’ असा शब्द घडवला.

परंतु इटालियन भाषेत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, आणि तोच आज अधिक प्रचारात आहे. कुलीन, सभ्य, दयाळू माणूस तो ‘जेंतीले’. चांगल्या कुळात जन्मला म्हणून रीतभात जाणणारा, असा तो अर्थ वाढत गेला. आजही इटलीहून एखाद्या चिपळूणकराला औपचारिक पत्र आले तर त्याचा मायना ‘जेंतीले सिन्योरे’ असा असू शकेल. म्हणजे आपल्या रीतीने ‘मान्यवर महोदय’. वार्थेमाने दाभोळच्या राजाला ‘जेंतीले’ म्हटले ते धर्माच्या अर्थाने, सन्मानाच्या नव्हे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण त्याच राजाविषयी त्याने मोठा न्यायी असे म्हटले, आणि त्या दोन गोष्टींत त्याला काही विसंगती वाटली नाही, हे मूळ शब्द पाहिल्यावर जाणवते. ‘पेगन’ या भाषांतराने तो मोकळेपणा बंद केला.

त्यातही एक ऐतिहासिक गुंता आहे. त्या काळी दाभोळ विजापूरच्या आदिलशाहीकडे आणि चौल अहमदनगरच्या निजामशाहीकडे होते. तेथील राजे ‘जेंतीले’ असे वार्थेमा कसे लिहितो? बंदराचा कारभार पाहणाऱ्या एखाद्या स्थानिक अधिकाऱ्यालाच त्याने राजा मानले असावे काय, की ऐकीव माहितीवर त्याने भिस्त ठेवली? म्हणजे ज्या शब्दावरून विद्यार्थी दुखावला तो मुळात कोणाला लागू होता, हेच निश्चित सांगता येत नाही.

आणि ‘पेगन’ तरी काय आहे? लॅटिनमध्ये ‘पागुस’ म्हणजे खेडे, वाडी. ‘पागानुस’ म्हणजे तेथे राहणारा. रोमन साम्राज्यात शहरे ख्रिस्ती झाली, खेडी जुन्या दैवतांना धरून राहिली, म्हणून ख्रिस्ती नसलेला तो ‘खेडूत’, अशी या शब्दाची एक प्रचलित उपपत्ती आहे. मुळाशी गेल्यावर शब्द निघाला तो ‘गावकरी’! कोकणात गावकरी हा मानाचा शब्द आहे. देवळाचा कौल असो की पालखीचा मान, गावकऱ्यांवाचून काही होत नाही.

तिसरा शब्द ‘मोरो’. इंग्रजीत त्याचे ‘मूर’ झाले आणि मराठी लेखनात ‘मूर लोक’ असे येऊ लागले. ते वाचून कोकणच्या बंदरांत मूर नावाची कोणी निराळी जमात राहत होती असा समज होतो. वस्तुतः उत्तर आफ्रिकेतील मॉरितानिया या रोमन प्रांताचा रहिवासी तो ‘माउरुस’. स्पेनवर तेथून मुसलमानांची स्वारी झाली, तेव्हापासून मुसलमान मात्रास ‘मोरो’ म्हणण्याचा प्रघात पडला. दाभोळचा अरब व्यापारी, इराणी सरदार, कोकणी मुसलमान, गुजरातचा नाखवा, सगळे एका पोत्यात भरले गेले. भाषांतर वाचताना हे पोते सोडून आतली माणसे वेगळी करावी लागतात.

आपल्या बाजूचा शब्द

हे सारे वाचून युरोपियनांना दोष द्यावासा वाटेल. परंतु आपल्याकडेही एक पोते होते: ‘फिरंगी’. मध्ययुगात फ्रँक नावाच्या जर्मन टोळीने आजच्या फ्रान्समध्ये राज्य उभारले. धर्मयुद्धांच्या काळात अरबांनी पश्चिमेकडील ख्रिस्ती लोकांना सरसकट तेच नाव दिले. फारसीतून ते आपल्याकडे आले. पोर्तुगीज, इटालियन, फ्रेंच, सगळे फिरंगी. एका विशिष्ट तलवारीलाही मराठीत ‘फिरंग’ म्हणतात, कारण तिचे पाते युरोपातून येत असे.

निकोलाओ मनुची या व्हेनिसच्या माणसाने सांगितलेला प्रसंग येथे आठवतो. १६६५ साली, पुरंदरच्या तहाच्या सुमारास, तो मिर्झाराजे जयसिंगांच्या तोफखान्यावर होता. रात्री राजांबरोबर तो पत्ते खेळत बसला असताना छत्रपती शिवाजी महाराज तेथे आले. हा कोठला राजा, असे महाराजांनी विचारले. फिरंग्यांचा राजा, असे जयसिंगांनी सांगितले. आपल्या चाकरीतही फिरंगी पुष्कळ आहेत, पण ते या तऱ्हेचे नाहीत, असे महाराज म्हणाले. पुढे बोलणे वाढले. युरोपात पोर्तुगालवाचून दुसरा राजा नाही असा महाराजांचा समज होता आणि आपण तो दूर केला, असे मनुची लिहितो. मनुचीला स्वतःची बढाई मारण्याची सवय होती हे ध्यानात ठेवूनही या प्रसंगाचे महत्त्व कमी होत नाही. एका शब्दाआड अनेक राष्ट्रे दडली आहेत हे तेथे प्रश्नोत्तरांतून उघड झाले. मनुचीच्या ग्रंथाचे नावही ‘स्तोरिया दो मोगोर’ असे आहे. त्यातील पहिला शब्द इटालियन आणि दुसरा पोर्तुगीज. त्याचे लेखनही इटालियन, फ्रेंच व पोर्तुगीज अशा मिश्र भाषांत झाले. विल्यम अर्व्हिन यांनी १९०७-०८ मध्ये ते चार खंडांत इंग्रजीत आणले, आणि मराठीत ते ‘असे होते मोगल’ या नावाने परिचित आहे.

‘फिरंगी’ हा शब्द दाभोळला निराळ्याच रीतीने ठाऊक होता. मार्च १५०८ मध्ये चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा मुलगा मारला गेला. त्याचा सूड घेण्यासाठी निघालेल्या आल्मेदाने डिसेंबर १५०८ च्या अखेरीस दाभोळ जाळले आणि तेथे मोठी कत्तल केली. दाभोळवर कोसळला तसा फिरंग्यांचा कोप तुझ्यावर कोसळो, असा शाप त्यानंतर लोकांच्या तोंडी बसला, असे इतिहासग्रंथांत सांगितले जाते. याच आल्मेदाने आदल्या वर्षी, १५०७ मध्ये, वार्थेमाला पोर्तुगिजांच्या बाजूने लढल्याबद्दल सरदारकीचा मान दिला होता. म्हणजे रोममध्ये त्याचे पुस्तक छापले जात असताना, त्यात वर्णिलेले ते उत्तम शहर राख होऊन दोन वर्षे लोटली होती, आणि ते जाळणाऱ्याच्याच हातून ग्रंथकर्त्याने सन्मान घेतला होता. हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो; पण ख्रिस्ती नावाने झालेले कृत्य ख्रिस्ती माणसानेच स्पष्ट सांगावे हे बरे.

स्वयंपाकघरापासून बँकेपर्यंत

तलवारीपेक्षा शब्दांचा प्रवास शांतपणे होतो. इटालियन गृहिणीच्या फळीवरील डबे पाहावेत. काळी मिरी तिची ‘पेपे’. हा शब्द ग्रीक व लॅटिनमार्गे आपल्या ‘पिप्पली’पासून, म्हणजे पिंपळीपासून गेला. आले म्हणजे ‘झेंझेरो’. त्याच्या मुळाशी संस्कृत ‘शृंगवेर’. साखर ‘झुक्केरो’, ‘शर्करा’ अरबांकडे ‘सुक्कर’ झाली आणि पुढे गेली. संत्रे ‘अरांचा’, ते आपले ‘नारंग’. इटालियन पाककृती इंग्रजीतून वाचली की हे चारही शब्द इंग्रजी होतात आणि नाते झाकले जाते. जकातीच्या नाक्याला इटालियनमध्ये ‘दोगाना’ म्हणतात. तो आपल्या दिवाणी कचेरीतला ‘दिवाण’च आहे. जकातीच्या दराला ‘तारिफ्फा’. त्याचे आणि आपल्या ‘तारीफ’ शब्दाचे अरबी मूळ एकच.

तिकडून इकडेही पुष्कळ आले. शाळेतील ‘बाक’ पोर्तुगिजांनी दिला. त्याचा इटालियन सख्खा भाऊ ‘बांको’. त्या बाकावर नाणी मांडून सराफ बसत, त्यावरून ‘बांका’ आणि इंग्रजीतून आलेली आपली ‘बँक’. म्हणजे मुलगा ज्यावर बसून शिकतो तो बाक आणि त्याचे वडील जेथे पैसे ठेवतात ती बँक, हे दोन्ही शब्द एकाच घरचे. सराफ बुडाला की त्याचा बाक मोडीत, असे सांगतात. ‘मोडका बाक’ म्हणजे ‘बांकारोत्ता’, इंग्रजीत ‘बँकरप्ट’, आणि आपल्याकडे दिवाळे. चावीला इटालियन ‘कियावे’, पगार देण्याला ‘पगारे’, मेस्त्रीला ‘मायेस्त्रो’, पावाला ‘पाने’. आपल्याकडे हे शब्द पोर्तुगिजांमार्फत आले. पण दोन्ही भाषा लॅटिनच्या लेकी असल्याने मावशीच्या घरीही तेच चेहरे दिसतात. आम्हा धर्मगुरूंना मिळालेला ‘पाद्री’ हाही त्यांतलाच. ‘पाद्रे’ म्हणजे बाप. मराठीत त्याला जी थोडी उपहासाची छटा आली ती शब्दाची नव्हे. ती इतिहासाची आहे.

काही शब्द जुनी चूकही जपून ठेवतात. ‘माला आरिया’ म्हणजे वाईट हवा. दलदलीची हवा बाधते म्हणून हिवताप येतो अशी इटलीत समजूत होती. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या शरीरात या रोगाचा परजीवी शोधला आणि हवा निर्दोष ठरली. तरी ‘मलेरिया’ हे नाव कायम राहिले. ‘क्वारंटीन’ तर आपण कोणीच विसरणार नाही. २०२० साली मुंबईहून आलेली आपलीच माणसे गावच्या शाळांत अलग राहिली. हा शब्द व्हेनिसचा. ‘क्वारांता’ म्हणजे चाळीस, जहाजाने बंदराबाहेर थांबावयाचे चाळीस दिवस. उपवासकाळाला इटालियनमध्ये ‘क्वारेझिमा’ म्हणतात. तोही चाळीसचाच शब्द, प्रभूच्या अरण्यातील चाळीस दिवसांचे स्मरण देणारा. अलग राहण्याला भीतीचा अर्थ आहे तसा प्रार्थनेचाही आहे.

कलम आणि जाहिरात

एक शब्द खास आपल्या ख्रिस्तसभेचा आहे आणि त्याची जगात फार दुर्दशा झाली. पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १६२२ साली रोममध्ये श्रद्धाप्रसारासाठी एक मंडळ स्थापले. त्याच्या लॅटिन नावात ‘प्रोपागांदा फीदे’ असे शब्द होते. इटलीत ते नुसते ‘प्रोपागांदा’ म्हणून ओळखले जाई. मूळ क्रियापद बागायतीतले आहे. द्राक्षवेलीची फांदी वाकवून मातीत दाबावयाची, तिला मुळे फुटली की नवे झाड करावयाचे, हे ते काम. कोकणातील बागायतदाराला दाबकलम शिकवावे लागत नाही. श्रद्धेचे कलम लावणे, एवढाच त्या नावाचा अर्थ. कलमाला माती लागते, पाणी लागते, वेळ लागतो. ओरडून कलम जगत नाही.

मुंबई बेटात हे नाव निराळ्या कारणाने गाजले. १७२० साली ईस्ट इंडिया कंपनीने पोर्तुगीज धर्मगुरूंना बेटाबाहेर घालवून रोमच्या प्रोपागांदाकडील कार्मेल संघीय इटालियन धर्मगुरूंना आणले. पोर्तुगीज राजाचा ‘पाद्रोआदो’ हक्क आणि रोमची ‘प्रोपागांदा’ यांच्यातील कलह पुढे दोनशे वर्षे धुमसत राहिला. एकाच धर्माची माणसे देवळांवरून दुभंगली. १९२८ च्या करारानंतर मुंबईतील दुहेरी अधिकार संपला. तोवर पहिल्या महायुद्धाने ‘प्रोपगंडा’ला सरकारी खोट्या प्रचाराचा अर्थ चिकटवला होता. रोमनेही १९६७ साली मंडळाचे नाव बदलले आणि २०२२ साली ते सुवार्ताप्रसाराच्या नव्या विभागात विलीन झाले. कलमाचा शब्द जाहिरातीचा झाला, याचा दोष केवळ जगाचा आहे असे आम्हांस वाटत नाही. कलमाने बोलावे तेथे आपणही कधी कर्ण्याने बोललो असू.

‘क्रिस्तियानो’

शेवटी एका साध्या शब्दाकडे येतो. ‘क्रिस्तियानो’ म्हणजे ख्रिस्ती, हे कोणीही सांगेल. पण इटलीच्या दक्षिण भागातील शेतकऱ्यांच्या तोंडी हा शब्द ‘माणूस’ एवढ्याच अर्थाने येतो. कार्लो लेव्ही या तुरीनच्या चित्रकाराला, जो डॉक्टरही होता, मुसोलिनीच्या राजवटीने १९३५ साली दक्षिणेकडील एका दरिद्री खेड्यात हद्दपार केले. त्या अनुभवावर त्याने लिहिलेले पुस्तक १९४५ साली प्रसिद्ध झाले. तेथील लोक म्हणत की आम्ही ‘क्रिस्तियानी’ नव्हे, ख्रिस्त अलीकडच्या एबोली गावीच थांबला. हे इंग्रजीतून वाचणाऱ्याला ते लोक ख्रिस्ती नव्हते असे वाटेल. पण त्यांचे म्हणणे निराळे होते: आम्हांला कोणी माणसांत मोजत नाही.

आपल्याकडे पोर्तुगीज ‘क्रिश्तांव’पासून ‘किरिस्ताव’ झाला. कोकणात तो कधी प्रेमाने, कधी हेटाळणीने उच्चारला जातो. आमच्या मिस्सेला येणाऱ्या कुटुंबांत गोव्याकडची, सावंतवाडीकडची, वसईकडची माणसे आहेत. त्यांपैकी अनेकांनी लहानपणी शाळेत ‘फिरंगी’ हे नाव ऐकले आहे. त्यांचे पूर्वज प्रवाशांच्या पुस्तकांत ‘जेंतीले’ होते. एकाच घराण्याच्या वाट्याला दोन्ही शब्द आले: आधी समुद्रापलीकडच्यांनी परके म्हटले, मग शेजाऱ्यांनी. दोन्ही शब्दांची बोच ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ते इतरांसाठी वापरताना अधिक सावध असावे, असे आम्हांस वाटते.

शब्दाचे मूळ दाखवले म्हणजे त्याचा डाग धुतला गेला, असे मात्र नव्हे. ‘पेगन’ मुळात गावकरी असला तरी शतकानुशतके तो तुच्छतेने वापरला गेला. शुभ शुक्रवारच्या आपल्या जुन्या लॅटिन प्रार्थनेतही तो होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ख्रिस्तेतर धर्मांविषयीच्या घोषणापत्रात हिंदू धर्माचा आदराने नामोल्लेख केला, आणि १९७० च्या मिस्साग्रंथात ‘ख्रिस्तावर श्रद्धा नसलेल्यांसाठी’ अशी साधी शब्दयोजना आली. ख्रिस्तसभेने आपला शब्द बदलला. कारण ज्याच्यासाठी प्रार्थना करावयाची त्याला आधी नीट नावाने हाक मारावी लागते.

तो विद्यार्थी पुन्हा आला तेव्हा आम्ही त्याला हे सर्व सांगितले. त्याने मन लावून ऐकले. मग म्हणाला, ‘‘म्हणजे फादर, प्रकल्पात ‘पेगन’ला मराठीत काय लिहू?’’ आम्ही म्हणालो, ‘‘मूळ शब्द ‘जेंतीले’ असा दे. पुढे लिही की प्रवाशाच्या धर्माचा नसलेला. आणि त्यापुढे, तो राजा न्यायी होता हे त्याचे उरलेले म्हणणे गाळू नकोस.’’ त्याने ते पेन्सिलीने समासात लिहून घेतले, आणि पूर्वीच्या दोन रेघांपैकी एक खोडली. दुसरी त्याने तशीच ठेवली. तीही ठेवावी, असेच आम्हांला वाटले.